टीमला जस्ताचा मुलामा

पत्र:

मॅडम, नमस्कार. माझं वय ३६. रत्नागिरी जिल्ह्यात वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पत्रे, पाइप, खिळे, तारेची बंडलं यांतच लहानाचा मोठा झालो. आता पुण्याजवळ एका कंपनीत डिस्पॅच बघतो. गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये नवे साहेब इंग्रजीत म्हणाले, महिनाअखेर आलीय, टीमला गॅल्व्हनाइज करा. मी पटकन विचारून बसलो, "सर, कुठलं मटेरियल?" सगळे हसले, साहेबही हसले. तेव्हापासून एक सहकारी मला 'जी.आय.' (गॅल्व्हनाइज्ड आयर्न, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) अशीच हाक मारतो. पुढच्या महिन्यात मला पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन द्यायचंय, ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालावं असं वाटतंय. या शब्दाचा नेमका अर्थ काय? तो आला कुठून? पत्र्याचा आणि माणसांचा काय संबंध? आणि माझे बारा लोडर आणि दोन क्लार्क सगळे मराठी आहेत, त्यांना मी हे मराठीत काय सांगू?
— पत्रेवाला

उत्तर:

पत्रेवाले, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मीही हसले, आधीच कबूल करते. पण हसले ते तुमच्या साहेबांना. माल वेळेवर निघाला पाहिजे, एवढंच सांगायला ज्यांना इटलीतले मेलेले बेडूक आणि लंडनमधला फाशी गेलेला माणूस लागतो, त्यांना हसायचं नाही तर काय करायचं? आपण काय बोलून गेलो हे त्यांना ठाऊक नसणार, ती गोष्ट निराळी.

अर्थ आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. थंड पडलेल्या, मरगळलेल्या माणसांना विजेचा झटका बसावा तसं एकदम हालचालीला लावणं म्हणजे गॅल्व्हनाइज करणं. आधीची मरगळ, बाहेरून आलेला धक्का आणि त्यासरशी सुरू झालेली हालचाल, हे सगळं असेल तिथे हा शब्द चपखल बसतो. यातलं काही नसेल तर तो नुसता मिरवायचा दागिना होतो.

आता बेडकांकडे वळू. लुइजी गॅल्व्हानी हा इटलीतल्या बोलोन्या शहरात शरीररचनाशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. जन्म १७३७चा. १७८०च्या दशकात त्याच्या घरातल्या प्रयोगशाळेत टेबलावर बेडूक सोलून ठेवलेला असे. अख्खा नव्हे, फक्त मागचे दोन पाय आणि त्यांना लोंबणारे मज्जातंतू. त्याच टेबलावर घर्षणाने वीज तयार करणारं यंत्रही असायचं, त्या काळी अशा यंत्रांचं विद्वानांना फार वेड होतं. एकदा एका सहायकाने सुरीचं टोक सहज मज्जातंतूला लावलं, नेमकी त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली, आणि मेलेल्या बेडकाचे पाय ताडकन आखडले.

(आजारी बायकोसाठी बेडकांचं सूप करताना हे घडलं अशीही एक कथा सांगतात. सांगायला छान आहे, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवू नका. बायकोला, लुचियाला, या गोष्टीत आणायचंच असेल तर स्वयंपाकघरातून आणू नये. ती शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकाची मुलगी होती आणि नवऱ्याच्या प्रयोगांत त्याच्या बरोबरीने काम करायची. त्याचा ग्रंथ १७९१ साली निघाला, तेव्हा ती हयात नव्हती.)

यंत्राची ठिणगी लागते, तशी आकाशातली वीजही चालेल का, म्हणून गॅल्व्हानीने बेडकांचे पाय पितळी आकड्यांना अडकवून घराच्या लोखंडी कठड्यावर टांगले. वादळात ते हलले. ते अपेक्षितच होतं. पण निरभ्र दिवशीही हलले. कंटाळून त्याने आकडा कठड्यावर दाबला, की पाय उडायचे. ना यंत्र, ना ढग. पितळेचा आकडा, लोखंडाचा कठडा आणि मधे ओला बेडूक, एवढ्यावर काम होत होतं.

हे चित्र लक्षात ठेवा. पितळ, लोखंड आणि ओल. तुमच्या पत्र्यापाशी आपण परत येणार आहोत.

गॅल्व्हानीने अर्थ काढला तो असा: वीज बेडकातच असते, प्राण्यांच्या शरीरात साठलेली असते, धातू तिला फक्त वाट करून देतो. त्याने तिला प्राणिज वीज म्हटलं. पाव्हियाच्या विद्यापीठातल्या आलेस्सांद्रो व्होल्टाने आधी हे मान्य केलं, मग स्वतः प्रयोग करून पाहिले आणि तो उलटला. त्याचं म्हणणं, बेडूक बिचारा निमित्तमात्र आहे. दोन वेगळे धातू ओल्या वस्तूच्या आधाराने एकत्र आले की वीज तिथे तयार होते, बेडूक ती फक्त दाखवतो. हा वाद बरीच वर्षं चालला. व्होल्टाने शेवटी बेडूकच काढून टाकला, त्याच्या जागी मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला, जस्त आणि चांदीच्या चकत्यांची चळत रचली, आणि १८०० साली जगातली पहिली बॅटरी तयार झाली. तुमच्या टॉर्चमधल्या सेलची खापरपणजी.

तोवर गॅल्व्हानी गेला होता. नेपोलियनने उत्तर इटलीत नवं राज्य उभं केलं, त्याच्या निष्ठेची शपथ प्राध्यापकांनी घ्यायची होती. गॅल्व्हानीने घेतली नाही, नोकरी गेली आणि १७९८च्या डिसेंबरात तो वारला. व्होल्टाने पुढे नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले आणि त्याला काउंटची पदवी मिळाली. व्होल्टाच्या नावाचं एकक झालं, ते आपण घरातल्या बटणावर वाचतो. गॅल्व्हानीच्या नावाचं क्रियापद झालं, ते तुमच्या साहेबांच्या तोंडी आलं. गंमत म्हणजे दोघंही अर्धे अर्धे बरोबर होते. बॅटरी व्होल्टाने खरी करून दाखवली, आणि मज्जातंतूंतून संदेश विजेच्याच रूपाने जातात हे नंतरच्या लोकांनी दाखवलं. ई.सी.जी.च्या कागदावर जी रेघ वरखाली होते, ती गॅल्व्हानीच्या बाजूची साक्ष आहे.

क्रियापद झालं ते असं. गॅल्व्हानीचा भाचा जोव्हानी आल्दिनी मामाची बाजू लढवत युरोपभर फिरला. त्याला बेडूक पुरेनात. १८०३च्या जानेवारीत लंडनच्या न्यूगेट तुरुंगात जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या माणसाला बायको आणि तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. त्याचं प्रेत आल्दिनीच्या हवाली करण्यात आलं. बॅटरीच्या तारा तोंडाला आणि कानाला लावल्या, तसा जबडा थरथरू लागला, चेहरा वेडावाकडा झाला आणि एक डोळा उघडला. पुढे उजवा हात वर उठला आणि मूठ वळली, पाय हलले. बघायला आलेल्यांपैकी काहींना वाटलं, हा उठून बसतोय की काय.

उठला नाही, अर्थातच. विजेने स्नायू आखडतात, प्राण परत येत नाही. पण लोकांच्या मनात चित्र पक्कं बसलं: मेलेलं होतं, झटका दिला, हललं. सुरुवातीला गॅल्व्हनाइज करणं म्हणजे अक्षरशः शरीराला वीज लावणं. पुढे अर्ध्या शतकात लेखक मंडळी हा शब्द जिवंत माणसांसाठी वापरू लागली, आणि बऱ्याचदा त्याला थोडा टोमण्याचा वास असायचा. कुणी क्षणभर हुशारल्यासारखा दिसला आणि पुन्हा थंड पडला, की म्हणायचे, याला कुणी तरी तार लावली होती. आज तो टोमणा गेलाय, शब्द गुळगुळीत होऊन कंपन्यांच्या मीटिंगांत पोचलाय.

मग पत्रा कुठून आला? १८३०च्या दशकात स्तानिस्लास सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरने लोखंडाला जस्ताचा थर देण्याची रीत पेटंट केली. आधी आम्लाने लोखंड स्वच्छ करायचं, मग नवसागराचा हात द्यायचा, मग वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचं. आजही मूळ कृती तीच आहे, जस्ताचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअस. नवसागर म्हटल्यावर तुम्हाला कल्हईवाला आठवला असेल. भांडं तापवून तो चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर भसकन वर यायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील सरसर पसरायचं. नवसागर तोच, कामही तेच, धातूचा पृष्ठभाग साफ करून दुसऱ्या धातूला चिकटायला जागा करून द्यायची.

पण या सगळ्यात वीज कुठे आहे? ना तार, ना बटण, नुसती बुचकळी. तरी सोरेलने गॅल्व्हानीचं नाव घेतलं, आणि ते उगीच नाही. पत्र्याला ओरखडा गेला, लोखंड उघडं पडलं, वरून पाऊस आला. आता बघा: जस्त, लोखंड आणि ओल. कठड्यावरचा बेडूकच पुन्हा. दोन धातूंमध्ये बारीकसा प्रवाह सुरू होतो, आणि दोघांत जस्त जास्त क्रियाशील असल्यामुळे झिजतं ते जस्त. लोखंड बचावतं. रंग दिलेल्या पत्र्याला ओरखडा गेला की तिथून गंज आत शिरतो. जस्ताच्या पत्र्याला ओरखडा गेला तर आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून त्या उघड्या जागेची राखण करतं. बिस्किटाच्या जुन्या डब्याला कथील असतं, तिथे हिशेब उलटा. ओरखडा गेला की लोखंडच आधी जातं.

तुम्ही हे दुकानात रोज पाहिलंय, फक्त त्याचं नाव गॅल्व्हानी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात पत्रे एकावर एक ओले राहिले की मधे पांढरी भुकटी धरते आणि गिऱ्हाईक कटकट करतं, ती जस्ताचीच झीज. जी.आय. पाइपाला तांब्याची नळी सरळ जोडली की सांध्यापाशीच पाइप आधी सडतो, हे कोकणातल्या कुठल्याही जाणत्या प्लंबरला विचारा. त्याने बोलोन्याचं नाव ऐकलेलं नसेल, पण व्होल्टाचं म्हणणं त्याला हाताने ठाऊक असतं.

आणि आता तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. इंग्रजीच्या व्युत्पत्तिकोशांत पाहिलं तर जस्ताचा अर्थ १८३०च्या दशकाच्या अखेरीस दिसतो. माणसांत चैतन्य आणण्याचा अर्थ १८५०च्या सुमाराचा. म्हणजे त्या मीटिंगमध्ये तुम्ही जो अर्थ घेतलात, तो साहेबांच्या अर्थापेक्षा वयाने मोठा आहे. हसायचंच होतं तर धाकट्याने थोरल्याला हसायला नको होतं.

वापराचं थोडं सांगते. गॅल्व्हनाइज होतात ती माणसं, गट, जनमत, चळवळ. चहा प्यायल्यावर आपण गॅल्व्हनाइज होत नाही, नुसते ताजेतवाने होतो. सकाळच्या फेरफटक्यानेही नाही. इंग्रजीत एनर्जाइज म्हणतात तो साधा, रोजचा शब्द. त्याच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, त्याचा भाव 'कामात असणं' असा. तिथे धक्का लागत नाही. गॅल्व्हनाइजला धक्का लागतो, आणि तो सहसा एखाद्या घटनेचा असतो. २१ नोव्हेंबर १९५५ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटून उठली. हे इंग्रजीत लिहायचं तर गॅल्व्हनाइज हेच क्रियापद नेमकं आहे. महिनाअखेरचं डिस्पॅच दर महिन्याला येतं. त्यात धक्का कसला? तिथे टीमला वीज नको असते, दोन जादा गाड्या हव्या असतात.

एका सापळ्यापासून मात्र सावध राहा, कारण मी स्वतः त्यात पडलेय. एनर्व्हेट असं एक क्रियापद आहे. ऐकायला अगदी एनर्जीचं सख्खं भावंड. अर्थ बरोब्बर उलटा: अवसान गळवणं, शक्ती काढून घेणं. मूळ लॅटिन शब्दात स्नायूंच्या शिराच काढून टाकल्याचं चित्र आहे. गॅल्व्हानीच्या बेडकाला मज्जातंतू होते म्हणून तो उडाला, एनर्व्हेट झालेल्याचे तेच कापलेले. मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आभार मानायला उभी राहिले, आणि प्रमुख पाहुण्यांच्या 'एनर्व्हेटिंग' भाषणाबद्दल मनापासून आभार मानले. इंग्रजीची प्राध्यापिका! टाळ्या पडल्या. पाहुणे खूश. फक्त ग्रंथपाल खाली मान घालून खांदे हलवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही न बोलता शब्दकोश माझ्या टेबलावर उघडा ठेवला. पान मी बघितलं आणि कानापर्यंत तापले. तसं पाहिलं तर भाषण तासाहून जास्त चाललं होतं, म्हणजे मी चुकून खरं बोलले होते. पण तेवढं समाधान करून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून प्रेझेंटेशनचं. ते कुणाच्याही गळ्यात घालू नका, स्वतः द्या. तुम्हाला जो प्रश्न पडला तो न कळलेल्या माणसाचा प्रश्न नव्हता. एक शब्द दोन कामं करतो आणि तुम्हाला त्यातलं एक काम इतरांपेक्षा जास्त माहीत होतं, एवढंच. मात्र तिथे जाऊन बेडकांची गोष्ट सांगत बसू नका. माझ्यासारख्या लोकांना तो मोह आवरत नाही आणि पंधरा मिनिटांतली दहा तिथेच संपतात. तुम्हाला जी माहिती आहे, कुठली गाडी कुठे अडकते, कुठला माल आधी बांधायला हवा, ती सांगा. साध्या इंग्रजीत सांगा, अडलं तर मराठी शब्द टाका आणि पुढे चला. आणि पुढच्या वेळी साहेबांनी असा एखादा चकचकीत शब्द फेकला, तर शांतपणे विचारा, "सर, म्हणजे टीमने नेमकं काय करायचं?" हा प्रश्न विचारल्यावर खोलीत जी शांतता पसरते, ती ऐकण्यासारखी असते.

मराठीत काय म्हणायचं? तुम्ही आम्ही शाळेत जस्तविलेपन शिकलो ते पत्र्यापुरतं, ते लोडरांना सांगून चालणार नाही. माणसांसाठी आपल्याकडे भरपूर आहे. चळवळ पेटून उठते. झोपलेली यंत्रणा खडबडून जागी होते. सैन्याला स्फुरण चढतं. वर्तमानपत्रांना कार्यकर्त्यांत चैतन्य संचारलेलं आवडतं, पण ते इतकं संचारलंय की त्यात आता दम राहिला नाही. चेव येतो, पण तो जरा भांडणाच्या बाजूचा, गोदामात नको. डिस्पॅचसाठी मला झटणं आवडतं. झटका आणि झटणं यांचं खरं नातं काय ते व्युत्पत्तिकारांवर सोडते, कानाला तरी दोघं शेजारी राहतात. झटका दुसऱ्याने द्यावा लागतो, झटतो आपण स्वतः.

तेव्हा महिनाअखेरीला सकाळी गेटपाशी बारा जणांना एकत्र बोलवा आणि म्हणा, "हे चार दिवस झटून काढू. पहिली गाडी आठला सुटली तर शेवटची सातच्या आत जाते, मग सगळे घरी." आणि चहा आधी सांगा, नंतर नको.

राहिला तो 'जी.आय.' म्हणणारा. त्याच्यावर चिडू नका. कॅन्टीनमध्ये कधी तरी सहज विचारा की जी.आय. मधल्या 'आय'चा अर्थ काय. आयर्न म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा, पावसात आधी कोण झिजतं, लोखंड की जस्त? उत्तर तुम्हाला येतं. त्याला येत नसेल तर बोलोन्यापासून सुरुवात करा, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असेलच.